त्रेचाळीस कॉमा शून्य शून्य

"हे टिंब काढ," पाक ब्रोतो म्हणाले.

अंगणातल्या पेरूच्या झाडाला टेकवून ठेवलेल्या फलकावर लाल दिव्यांत ४३.५० असा आकडा झळकत होता. विगातीने फलक चालू करून जेमतेम चहा पुढे केला होता. पाक ब्रोतो, म्हणजे ब्रोतोराव, होलापालक संघाचे अध्यक्ष; होले म्हणजे पारव्यांसारखे घुमणारे छोटे पक्षी. निवृत्तीपूर्वी ते तालुक्याचे अधिकारी होते. निवृत्तीनंतर फक्त तालुका गेला, अधिकारी तसाच राहिला.

"कुठलं टिंब, पाक?"

"त्रेचाळीसच्या पुढचं. आपल्या इंडोनेशियात टिंब हजारानंतर देतात. अपूर्णांकाच्या आधी कॉमा. तिसरीत शिकवतात हे. होले काय हजारांत घुमतात?"

"यंत्राच्या आत टिंबच असतं, पाक. सगळ्या जगात."

"आत काय असायचं ते असू दे, आत कोण बघतंय! बाहेर कॉमा दिसला पाहिजे. उद्या मैदानात जाणती माणसं येणार आहेत. क्लातेनचीसुद्धा."

विगातीचे वडील पाक तुकिमान बाजूला उभे होते. ते चटकन म्हणाले, "लावेल ती कॉमा. लावशील ना गं?"

लावणं भाग होतं. बांतुलमध्ये होल्यांची स्पर्धा दरवर्षी व्हायची. उंच खांबांवर पिंजरे चढवायचे, खाली पंचांनी कान देऊन फिरायचं आणि ज्याचं घुमणं जसं, तसा रंगीत झेंडा त्याच्या खांबाला लावायचा. गेल्या वर्षी एका बकरीने निर्णायक फेरीतला हिरवा झेंडा खाल्ला. त्यावरून दोन घराण्यांत बोलणं बंद झालं ते अजून सुरू झालेलं नव्हतं. तेव्हा संघाच्या बैठकीत पाक तुकिमान आयुष्यात पहिल्यांदा उठून बोलले होते. आपली मुलगी दवाखान्यांचे नंबर दाखवणारे आणि मशिदींच्या वेळा दाखवणारे फलक बनवते, होल्यांचाही बनवेल. वर असंही म्हणाले होते की, मी जामीन आहे, फलक चुकला तर माझी खुर्ची उचला.

ही खुर्ची म्हणजे मैदानाकडेच्या जंगली बदामाखाली संघाच्या ज्येष्ठ सभासदांसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी एक. पाक तुकिमान यांनी नोकरीभर रेल्वेचं फाटक सांभाळलं होतं. बसायची खुर्ची त्यांना निवृत्तीनंतरच मिळाली होती. ती त्यांना फार प्रिय होती.

फलकाचं काम तसं सरळ होतं. पंचांच्या फोनवरून गुण जेसन नावाच्या ठरावीक बांधणीत यायचे: महिरपी कंस, अवतरण चिन्हं, खांबाचा क्रमांक, अपूर्णविराम, गुण. ही गाठोडी सोडवून आतला एकेक तुकडा काढून देणारी लायब्ररी विगातीने इंटरनेटवरून घेतली होती. बाकीचा प्रोग्रॅम तिने सी भाषेत स्वतः लिहिला होता, कारण फलकाच्या पोटातल्या चिमुकल्या पाटीवर दुसरी कुठली भाषा मावत नव्हती.

"लायब्ररीतून आणलंस?" पाक तुकिमान यांनी मागे विचारलं होतं. "परत कधी करायचंय?"

"परत नाही करायचं, बापाक. फुकट असतं."

"असं केलं तर ती लायब्ररी बंद पडेल एक दिवस."

पाक ब्रोतो चहा संपवेपर्यंत विगातीने कॉमा लावला. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ टाकली की त्याला सांगता येतं, बाबा रे, तू आता इंडोनेशियात आहेस, इथल्यासारखं वाग. ती ओळ तिने टाकली. फलक एकदा विझला, पुन्हा पेटला आणि त्यावर ४३,५० उमटलं. वर तारखेतल्या महिन्याचं नावही आपोआप इकडचं झालं. हा साडेत्रेचाळीसचा आकडा तिने तपासणीपुरता प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवला होता. तो कुठल्या पंचाच्या फोनवरून आलेला नव्हता. ही गोष्ट त्या वेळी कुणाला महत्त्वाची वाटली नाही, तिला स्वतःलाही नाही.

"आता कसं माणसात आलं," पाक ब्रोतो म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

रविवारी सकाळी मैदान पिंजऱ्यांनी भरलं. पहिला खांब चिठ्ठीत पाक तुकिमान यांना आला होता. त्यांच्या होल्याचं नाव किडुंग, म्हणजे गाणं. नाव ठेवताना पाक तुकिमान आशेवर होते. घरी पहाटे कोणी उठायच्या आत किडुंग घुमतो, असं ते सांगायचे. कोणी उठायच्या आत घुमत असल्यामुळे साक्षीदार नव्हता.

पहिली फेरी झाली. पंचांनी फोनवर बोटं चालवली. फलकावर नावं उमटू लागली आणि नावांसमोर सगळ्या पंचांच्या गुणांची सरासरी.

या स्पर्धेच्या गुणांची एक रीत आहे. कुठलाही पंच बेचाळीस देत नाही, तो मालकाचा अपमान समजला जातो. चव्वेचाळीसही देत नाही, तो पंचाचा उतावळेपणा ठरतो. सगळ्यांना त्रेचाळीस मिळतात आणि खरी लढाई त्यापुढच्या अपूर्णांकात होते. बकरीने खाल्लेला झेंडासुद्धा पाव गुणाचा होता.

फलकावर पहिल्या नावासमोर ४३,०० होते. दुसऱ्यासमोर ४३,०० होते. तिसऱ्यासमोरही. नजर खाली खाली नेत माणसं शेवटच्या नावापर्यंत पोचली, तिथेही ४३,०० होते.

इकडच्या माणसाला राग आला की तो हसतो. सगळं मैदान हसत होतं.

गुण सारखे असले की प्रोग्रॅम खांबांचा क्रम पाहायचा. त्यामुळे यादीत सगळ्यात वर, क्रमांक एकसमोर, पाक तुकिमान यांचं नाव होतं. संघात आल्यापासून त्यांचं नाव यादीच्या एवढ्या वर कुणी पाहिलं नव्हतं. माणसं खुर्चीजवळ जमू लागली.

"काय पाक, कळू दिलं नाहीत अगदी!" क्लातेनचे पाक मुजिरान म्हणाले. हे गृहस्थ होले विकत घेण्यासाठी प्रसिद्ध होते. ते होले पुढे घुमत नाहीत, यासाठीही प्रसिद्ध होते. "खायला काय घालता?"

"राळे," पाक तुकिमान म्हणाले.

"राळे आम्हीपण घालतो. अजून काय?"

"नाही हो, नुसते राळे."

"सांगायचं नाही वाटतं."

"तसं नाही..." पाक तुकिमान यांना कोणाला नाराज करणं जमत नसे. "कधी कधी काळा तांदूळ पडलेला असतो जवळपास."

"भिजवलेला?"

"पाऊस आला असेल तर भिजतो."

ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. थोड्या वेळाने बाजाराच्या दिशेने दोन मोटारसायकली गेल्या. मैदानाशेजारच्या बाजारात त्या दिवशी काळा तांदूळ नंतर कोणाला मिळाला नाही.

"मला विका," पाक मुजिरान म्हणाले. "माझी मोटारसायकल ठेवून घ्या."

"नको हो, पाक. खरंच नको. हा होला तुमच्या कामाचा नाही."

"वर दोन कोंबड्या देतो."

"तुम्ही पस्तावाल."

मालक स्वतःच नको म्हणतोय, म्हणजे होला असामान्य आहे, हे पाक मुजिरान यांनी ओळखलं. त्यांनी कोंबड्यांत एक बकरी मिळवली.

तिकडे पंचांमध्ये वेगळंच शिजत होतं. मुख्य पंच पाक वाकिजान यांनी पाक दार्माजींच्या होल्याला पाऊण गुण जास्त दिला होता. पाक दार्माजी फर्निचरवाले, गेली काही वर्षं विजेते. फलकावर त्यांना त्रेचाळीसच दिसल्यावर पाक वाकिजान यांची खात्री पटली की, बाकीच्या पंचांनी संगनमत करून आपला पाऊण गुण खाली ओढलाय. बाकीच्या प्रत्येक पंचालाही नेमकं हेच वाटत होतं. दुसऱ्या फेरीत त्यांनी ठरवून हात सैल सोडला. पाक वाकिजान यांनी ४३.९० दिले. फलक म्हणाला, ४३,००. त्यांनी फोन कानाशी नेऊन हलवून पाहिला. मग ४३.९९ दिले, बोट जरा जोरात दाबून. फलक ४३,०० वरून हलला नाही. आता पुढे चव्वेचाळीसच उरले होते आणि ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"हा माझ्या कानांचा अपमान आहे," ते हसत म्हणाले आणि छत्री बंद करून उभे राहिले. पंचाने छत्री बंद केली तर तो घरी निघालाय असं समजायचं असतं.

विगाती मंडपामागे लॅपटॉप उघडून बसली होती. फोनवरून आलेली गाठोडी तिने एकेक करून पाहिली. खांब सात, गुण ४३.७५. खांब बारा, गुण ४३.५. सगळं जसंच्या तसं पोचलं होतं. लायब्ररीनेही प्रत्येक गाठोडं नीट सोडून ४३.७५ हा तुकडा अक्षरशः तसाच हातात दिला होता. त्या तुकड्याचा आकडा करायचं काम मात्र तिने सी भाषेच्या आपल्या फंक्शनवर सोपवलं होतं. आणि त्या फंक्शनला काल संध्याकाळी सांगितलं गेलं होतं की, तू आता इंडोनेशियात आहेस. इंडोनेशियात अपूर्णांकाआधी कॉमा असतो. फंक्शन चार वाचायचं, तीन वाचायचं, पुढे टिंब दिसलं की इथे आपलं काम संपलं असं समजून थांबायचं. ते तिसरीत शिकवल्याप्रमाणेच वागत होतं.

पहिल्या खांबाची गाठोडी तिने शेवटी उघडली. किडुंगला प्रत्येक पंचाने ४३ दिले होते. पुढे काही नाही. संपूर्ण मैदानात फलक एकाच होल्याबद्दल खरं बोलत होता आणि तो तिच्या वडिलांचा होता.

ती पाक ब्रोतोंकडे गेली. ते पंचाची छत्री उघडण्याच्या प्रयत्नात होते. तिने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे चूक कॉमाची आहे?" पाक ब्रोतोंनी आवाज खाली आणला.

"नाही, पाक. माझी आहे. बाहेर लावायचा तो मी आतही लावला."

"पण कॉमाची नाही."

"नाही."

"मग हरकत नाही." त्यांचा चेहरा निवळला. "किती वेळ लागेल?"

"एक ओळ बदलायची. सगळे गुण पुन्हा वाचून घेईल तो."

"बदल. पण आधी बापाकांच्या कानावर घाल. फलक चुकला तर खुर्ची उचला, हे भर बैठकीत तेच म्हणाले होते. मी म्हणालो नव्हतो." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि मला ते विसरताही येणार नाही. इतिवृत्तात आहे."

बदामाखाली पाक तुकिमान आता खुर्चीवर बसलेले नव्हते. गर्दीने त्यांना बसूच दिलं नव्हतं. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर नवा बातिकचा पंचा टाकला होता. पाक मुजिरान बकरीवरून म्हशीवर आले होते. विगातीने वडिलांना हाताला धरून पहिल्या खांबाच्या आडोशाला नेलं.

"बापाक, रागावू नका."

"बोल ना."

"तुम्ही पहिले नाही आहात."

"माहीत आहे," पाक तुकिमान म्हणाले.

"कसं?"

"मी सकाळपासून या खांबाखाली आहे, पोरी. किडुंग झोपलाय. मधे एकदा उठला, पाणी प्यायला, परत झोपला."

विगातीने वर पाहिलं. पिंजऱ्यात एक राखी गोळा निवांत बसला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पहिल्या नंबरचा होला झोपलाय म्हटलं, तर फलक खोटा ठरतो. फलक तुझा. तू पुढे दवाखान्याला फलक विकायला गेलीस तर लोक म्हणतील, हिच्या फलकावर झोपलेले होले पहिले येतात." ते पंचा नीट करत म्हणाले, "म्हणून आलो पहिला. फार कठीण असतं गं. सारखं काहीतरी विचारतात."

"आणि मी तुमच्यासाठी इतका वेळ गप्प बसले होते."

"किती वेळ?"

"पाक ब्रोतोंशी बोलून इथवर येईपर्यंत."

"खूप झाला," पाक तुकिमान म्हणाले. "जा, नीट कर. खुर्चीचं बघू. फाटकावर उभाच राहायचो की मी."

तिने ओळ बदलली. बाहेर इंडोनेशिया ठेवला, आकडे वाचण्यापुरता आत परदेश केला. फलक विझला, पेटला आणि यादी नव्याने उतरली. सगळ्यात वर पाक दार्माजी, ४३,८७. मग बाकीचे, कोणी पाव गुणाने मागे, कोणी अर्ध्याने. शेवटून दुसरे पाक मुजिरान, ४३,०८. सगळ्यात खाली पाक तुकिमान, ४३,००.

मैदान पुन्हा हसलं.

"बिघडला वाटतं फलक," कोणीतरी सहानुभूतीने म्हणालं.

"मघाशी चांगला चालला होता," दुसऱ्याने दुजोरा दिला.

पाक दार्माजी तर घाईघाईने पाक ब्रोतोंकडेच आले. "मला नको हा नंबर. पोरगी लॅपटॉप घेऊन फलकामागे गेली आणि माझं नाव वर आलं, हे सगळ्यांनी पाहिलंय. उद्या म्हणतील, दार्माजीने तिला कपाट करून दिलं."

"खरंच दिलंय का?" पाक ब्रोतोंनी विचारलं.

"पलंग दिला होता, तिच्या मावशीच्या लग्नात. त्याचे पैसे घेतले होते."

अशा वेळी इकडे मत घेत नाहीत, सहमती घेतात. पाक ब्रोतोंनी माइक हातात घेतला आणि घसा साफ केला. "मंडळी, कोणाचं मन दुखावू नये म्हणून असं ठरतंय की, मघाचा निकालच कायम. सगळे पहिले. फलक बाजूला ठेवू. यंत्रच ते, चुकायचंच."

पटापट माना हलल्या. पाक वाकिजान यांनी छत्री उघडली. सगळ्यांचं भलं झालं होतं, फक्त फलक चुकला असं ठरलं होतं. पाक ब्रोतोंनी माइक तोंडापासून दूर धरला आणि बदामाच्या दिशेने पाहून जड मनाने एकाला खूण केली. तो माणूस जाऊन खुर्ची उचलू लागला.

"थांबा," पाक तुकिमान म्हणाले. संघात आल्यापासून ते दुसऱ्यांदा बोलत होते. "माझी हरकत आहे."

"तुमची? पाक, तुम्ही पहिले आहात."

"मी शेवटचा आहे. मला माझा शेवटचा नंबर द्या."

"छे छे, असं कसं!" चहूकडून आवाज आले. "तुमचा होला किती गुणी!"

"काळा तांदूळ खातो!"

"तो शेवटचा आहे," पाक तुकिमान यांनी ठामपणे सांगितलं. "पाक वाकिजान, तुम्ही माझ्या खांबाखाली उभे होता. किडुंग काय म्हणाला?"

पाक वाकिजान यांनी छत्रीच्या काडीकडे पाहिलं. "शांत होता."

"स्पष्ट सांगा."

"विचारात होता, पाक."

"किती गुण दिलेत?"

"त्रेचाळीस."

"कॉमा?"

पाक वाकिजान यांनी पाक ब्रोतोंकडे पाहिलं, मग आकाशाकडे. चारचौघांत एवढं उघड बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "शून्य... शून्य," ते पुटपुटले.

"आणि दार्माजींना?"

"दुसऱ्या फेरीत नव्व्याण्णव दिले होते." आता त्यांना धीर आला. "त्याआधी पंचाहत्तर. दोन्ही मनापासून."

"बाकीच्या पंचांनीही आपापलं आठवून बघावं," पाक तुकिमान म्हणाले आणि फलकाकडे बोट केलं. पंचांनी फोनवर पाहिलं, फलकाकडे पाहिलं, ओठ हलवत बेरजा केल्या. आपला पाऊण गुण कोणीच खाल्ला नव्हता, हे एकेकाच्या लक्षात येत गेलं, तसे ते एकमेकांच्या जवळ सरकले. शेवटी पाक वाकिजान म्हणाले, "फलक बरोबर आहे."

"मग ती खुर्ची खाली ठेवा," पाक तुकिमान म्हणाले.

खुर्ची खाली ठेवली गेली. पाक ब्रोतोंनी पुन्हा माइक घेतला. पहिला क्रमांक पाक दार्माजी, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा रीतीपुरत्या टाळ्या पडल्या. मग त्यांनी आवाज चढवला. "आणि शेवटचा क्रमांक, त्रेचाळीस कॉमा शून्य शून्य, पाक तुकिमान!" कॉमा हा शब्द त्यांनी जरा लांबवला. मैदान उभं राहिलं. पंचांनी टाळ्या वाजवल्या, दार्माजींनी येऊन हात हातात घेतले, विगातीला पुढे ओढून बापाशेजारी उभं केलं गेलं आणि फोटो काढले गेले. इतक्या टाळ्या त्या मैदानात कुठल्या विजेत्याला मिळाल्या नव्हत्या.

पाक मुजिरान आपला पिंजरा खाली उतरवत होते. आठ शतांशांनी त्यांचा हा मान हुकला होता. शेजारच्या खांबावरच्या माणसाकडे वळून ते हळूच म्हणाले, "बघितलंत? फलकावर स्वतःची मुलगी बसलेली असावी लागते. वशिल्याशिवाय हल्ली शेवटचा नंबरसुद्धा मिळत नाही."